तोट्याचा धनी कोण?

पाड्यावरच्या घरात धुराला काम असतं. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात कारवीच्या कुडावर शेणामातीचा लेप देऊन घरं उभी राहिली, आणि त्या घरांत चूल पेटली की धूर सरळ माळ्याकडे चढत राहिला. वर पुढच्या पेरणीसाठी राखलेली कणसं टांगलेली असतात, वासे आणि बांबू असतात, पावसात भिजलेली लाकडं वाळत घातलेली असतात. धूर बियाण्याला कीड लागू देत नाही, छपराचं लाकूड पोखरू देत नाही, डास हटवतो. त्याच धुरानं चुलीपुढच्या बाईचे डोळे चुरचुरतात, छाती भरते आणि घरातल्या तान्ह्या मुलाचा खोकला हटत नाही.

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आला, तेव्हा त्यानं या धुराची दुसरी बाजू पाहिली आणि योग्यच केलं. ज्वलनासाठी हवा कशी खेळवायची, धुराडं कुठून काढायचं, उष्णतेचा किती वाटा भांड्यापर्यंत पोचतो, हे संशोधकांनी कसोशीनं मोजलं होतं. २००२मध्ये केंद्र सरकारनं कार्यक्रम थांबवला, तोवर देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवून झाल्या होत्या. त्यातल्या फार मोठ्या संख्येच्या चुली थोड्याच दिवसांत तुटल्या, बुजल्या किंवा बाजूला पडल्या. उद्दिष्ट चुली बसवण्याचं होतं. हिशेब बसवलेल्या चुलींचा झाला. बियाण्यावरचा धूर काढून घेतल्यावर बियाणं कशानं राखायचं, फुटलेलं धुराडं कोण दुरुस्त करणार, भाकरीचा तवा आणि भाताचा टोप एकाच तोंडावर बसतो का, हे प्रश्न चूल तयार होण्याआधी विचारायचे होते. ते विचारायला फारसा खर्चही आला नसता.

हे सगळं आठवायचं कारण असं की, विज्ञानातलं संशोधन लोकांच्या वापरात आणि बाजारात कसं न्यावं याची एक पद्धत आता जगभर शिकवली जाते, आणि तिचा सगळा भर या आधीच्या प्रश्नांवर आहे. तिला ‘लीन स्टार्टअप’ म्हणतात. तिच्याबद्दल मराठीत जे बोललं जातं ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या मोबाइल ॲपवाल्यांच्या संदर्भात. मला ती पालघर जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत नेऊन पाहायची आहे. अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही काळ्या कातळावरून पाणी वाहून जातं आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, असा हा मुलूख आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजांची इथे वस्ती आहे, आणि मुंबई इथून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. चांगल्या हेतूनं आलेल्या योजना, यंत्रं आणि प्रयोग या मुलखानं भरपूर पाहिलेत.

*

पद्धतीचं मूळ कारखान्यात आहे. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी घडवलेल्या उत्पादनपद्धतीला जॉन क्राफसिक यांनी १९८८मध्ये ‘लीन’ हे नाव दिलं: जे गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही ते करत बसायचं नाही, आणि चूक जिथे झाली तिथेच काम थांबवून ती दुरुस्त करायची. अमेरिकेत स्टीव्ह ब्लँक यांनी हाच विचार नव्या उद्योगांना लावला. नवा उद्योग म्हणजे मोठ्या कंपनीची छोटी आवृत्ती नसते. त्याच्याकडे सुरुवातीला असतात ते फक्त अंदाज, आणि ते तपासण्यासाठी कचेरीबाहेर पडून माणसांना भेटावं लागतं, हा त्यांचा आग्रह. त्यांचे विद्यार्थी एरिक रीस यांनी २०११मध्ये पुस्तक लिहिलं आणि नाव सर्वतोमुखी झालं. कमीत कमी खर्चात कामापुरता नमुना करायचा, तो खऱ्या माणसाच्या हातात द्यायचा, काय घडतं ते मोजायचं, आणि अंदाज चुकला असेल तर दिशा बदलायची. मग पुन्हा तेच.

शास्त्रज्ञांसाठी महत्त्वाची घटना त्याच वर्षी घडली. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं सरकारी पैशातून झालेलं संशोधन बाजारात नेण्यासाठी ‘आय-कोर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यात ब्लँक यांची पद्धत घेतली. एका गटात तीन जण: संशोधक प्राध्यापक, उद्योगाची धुरा घेणारा तरुण आणि बाजाराचा अनुभव असलेला मार्गदर्शक. सुमारे सात आठवड्यांत त्यांनी शंभर लोकांना प्रत्यक्ष भेटायचं. भेटीत आपल्या शोधाची जाहिरात करायची नाही आणि ‘हे मिळालं तर घ्याल का?’ असंही विचारायचं नाही, कारण भिडेखातर माणूस हो म्हणतो. विचारायचं ते असं: हे काम आज तुम्ही कसं करता? मागच्या वेळी अडलं तेव्हा काय केलंत? त्यात किती पैसे आणि किती दिवस गेले? कोणी ठरवलं?

आपल्याकडे या वाटेनं जाणाऱ्या संस्था आहेत. आयआयटी मद्रासमध्ये २०१७मध्ये उभ्या राहिलेल्या गोपालकृष्णन-देशपांडे केंद्रानं आय-कोरच्या धर्तीवर प्रशिक्षण सुरू केलं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७पासून व्हेंचर सेंटर काम करतं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१२मध्ये बायरॅक ही संस्था काढली, आणि नव्या कल्पनेला ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देणारी तिची योजना तरुण संशोधकांना चांगली ठाऊक असते. म्हणजे पैसा अगदीच नाही असं नाही, शिकवणारेही आहेत.

महाराष्ट्रात ही पद्धत खऱ्या अर्थानं कशी चालते हे पाहायचं तर एस४एस टेक्नॉलॉजीज या कंपनीची गोष्ट सांगावी लागते. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे जुन्या लोकांची यूडीसीटी, तिथे प्रा. भास्कर थोरात यांच्याकडे पदार्थ सुकवण्याच्या शास्त्रावर काम होत असे. वैभव तिडके आणि त्यांच्या मित्रमंडळींनी तिथे विजेशिवाय चालणारं सौर वाळवणयंत्र तयार केलं. नेहमीच्या सौर पेटीत हवा तापते आणि ती पदार्थाभोवती फिरते. इथे तापलेल्या पत्र्याची उष्णता थेट पदार्थाला मिळते, त्यामुळे काम लवकर होतं आणि रंग-चव टिकते. २०१३मध्ये या यंत्राला डेल कंपनीच्या सामाजिक नवकल्पना स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. इथे गोष्ट संपली असती तर तो एक उत्तम विद्यार्थी-प्रकल्प ठरला असता.

गटानं यंत्रं शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि मग खरी अडचण पुढे आली. यंत्र चांगलं आहे, पण वाळवलेला माल विकायचा कोणाला? दोन किलो वाळलेलं आलं घेऊन शेतकरी कोणत्या अडत्याकडे जाणार? आणि यंत्रासाठी एकरकमी पैसे कुठून आणणार? या प्रश्नांना यंत्रात कुठलीही सुधारणा करून उत्तर मिळत नव्हतं, म्हणून त्यांनी धंद्याची रचनाच बदलली. गावातल्या बायांना कर्ज मिळवून देऊन यंत्र त्यांच्या दारात बसवायचं, कच्चा माल पोचवायचा, वाळवलेला माल कंपनीनं स्वतः परत घ्यायचा आणि छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात पुढची प्रक्रिया करून खाद्यपदार्थांच्या मोठ्या उत्पादकांना विकायचा. यंत्र विकणारी कंपनी कांदा आणि आलं विकणारी झाली. संस्थापकांपैकी निधी पंत यांनी अनेकदा जाहीरपणे हेच मांडलंय, की नुसतं तंत्रज्ञान दिल्यानं भागत नाही, त्याच्या जोडीला कर्ज आणि बाजार लागतो. २०२३मध्ये कंपनीला कचरामुक्त जगासाठीचं अर्थशॉट पारितोषिक मिळालं, दहा लाख पौंडांचं. पहिल्या आणि दुसऱ्या पारितोषिकात दहा वर्षांचं अंतर आहे. शोध जुनाच होता. दहा वर्षं गेली ती माल कोण घेणार याचा शोध लावण्यात.

*

आता हेच यंत्र जव्हारला आणायचं म्हटलं तर?

इथे वाळवण नवं नाही. उन्हाळ्यात मोहाची फुलं अंगणात पसरलेली असतात. कैऱ्यांची आंबोशी होते. तेव्हा यंत्राची स्पर्धा आहे ती सारवलेल्या अंगणाशी आणि ऊन खाणाऱ्या छपराशी, आणि ही दोन्ही फुकट आहेत. यंत्रानं काही वेगळं द्यायचं तर ते अशा मालाला द्यायला हवं जो आज वाया जातो. काजूचं बोंड बहुतेक टाकून दिलं जातं. वळवाच्या वाऱ्यानं एका रात्रीत कैऱ्यांचा सडा पडतो आणि त्या दिवशी बाजारात भाव नसतो. या दोन ठिकाणी यंत्राला काम मिळू शकतं असं मला वाटतं. पण वाटतं एवढंच; हा अंदाज आहे, आणि तो तपासायला माणसं भेटली पाहिजेत.

ती कधी भेटतील? आय-कोरच्या सात आठवड्यांचा प्रश्न इथे फार वेगळा होतो. भात आणि नागली घरात आली, दिवाळी झाली, की पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर पडतात: भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर. मुकादमाची उचल घेतलेली असते ती फेडायची असते. शिमग्याला काही जण परततात, बोहाड्याच्या सोंगांसाठी गावात दिसतात, आणि पुष्कळ जण थेट पावसाच्या तोंडावर येतात. आपली शैक्षणिक वर्षं आणि अनुदानांची आर्थिक वर्षं अशी बेतलेली आहेत की संशोधकाला ‘फील्ड’वर जायला वेळ मिळतो तो नेमका जानेवारी ते मार्च. त्या दिवसांत पाड्यावर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि नोकरीमुळे गावात राहिलेले थोडे लोक भेटतात. त्यांच्या मुलाखतींवरून काढलेला निष्कर्ष तालुक्याच्या नावावर छापला जाईल, पण ज्यांच्या कष्टाचा प्रश्न सोडवायचा होता ती माणसं त्यात नसतील. त्यांना गाठायचं तर भिवंडीच्या भट्टीवर जावं लागेल. नाहीतर पावसाळ्यात, आवणीच्या चिखलात, गुडघाभर पाण्यात उभं राहून बोलावं लागेल.

पैशाचंही असंच. लीन पद्धतीत गिऱ्हाइकानं दिलेले पैसे हा सगळ्यात खरा पुरावा मानतात; तोंडानं केलेली स्तुती नाही. मला हे पटतं. फुकट वाटलेल्या वस्तूबद्दल माणूस तक्रार करत नाही आणि ती वापरतही नाही. आयआयटी मुंबईनं प्रा. चेतनसिंह सोलंकी यांच्या पुढाकारानं दहा लाख सौर अभ्यासदिव्यांची मोहीम काढली, तेव्हा दिवा फुकट न देता विद्यार्थ्याला अनुदानित किमतीत, १२० रुपयांना दिला, आणि जोडणी, विक्री, दुरुस्ती त्या-त्या भागातल्या प्रशिक्षित माणसांकडे सोपवली. बिघडलेला दिवा घेऊन जायला जागा होती, हा त्या मोहिमेचा मोठा गुण. पण जव्हार-मोखाड्यात रोकड वर्षभर हातात नसते. ती येते भट्टीचा हिशेब झाल्यावर, किंवा काजू आणि मोगरा विकल्यावर. श्रावणात कोणी दिव्याला पैसे दिले नाहीत तर त्याचा अर्थ दिवा नको असा होत नाही. त्या वेळी घरात पैसा नाही, एवढाच तो अर्थ.

आणि कित्येकदा वापरणारा आणि पैसे देणारा यांची गाठच पडत नाही. आयआयटी मुंबईत १९८५पासून ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ नावाचं केंद्र आहे. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पिण्याच्या पाण्याच्या योजना का बंद पडतात हाच अभ्यासाचा विषय केला. विद्यार्थी गावांत राहिले, टाक्या, पंप, वीजबिलं, ग्रामपंचायतीची दप्तरं पाहिली. ठाणे जिल्ह्यात, मोखाडा तेव्हा त्यातच होता, अनेक गावांना एकत्र पाणी देणाऱ्या नळयोजनांचा त्यात समावेश होता. डोंगरउतारावरच्या अशा योजनेत कुठल्या टप्प्यावर किती व्यासाचा पाइप टाकायचा यावर खर्चाचा मोठा भाग ठरतो. पुढे ओम दामाणी आणि निखिल हुड्डा यांनी हे गणित सोडवणारी ‘जलतंत्र’ नावाची संगणकप्रणाली तयार केली आणि ती कोणालाही इंटरनेटवर मोफत खुली केली. तहान पाड्यावरच्या बाईची, पण या शोधाचा वापरकर्ता पाणीपुरवठा खात्यातला अभियंता. त्याच्यासमोर कोणती जुनी प्रणाली आहे, अंदाजपत्रक त्याला कोणत्या नमुन्यात सादर करायचं असतं, हे समजून घेणं म्हणजेच इथे गिऱ्हाइकाला भेटणं होतं. विकलं काहीच गेलं नाही, तरी संशोधन वापरात गेलं. हा मार्ग मला लाखमोलाचा वाटतो, आणि अशा विषयावरच्या भाषणांत तो क्वचितच ऐकू येतो.

पाण्याची दुसरी बाजूही सांगण्यासारखी आहे. पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रानं १९८०च्या दशकात भाताच्या तुसाच्या राखेपासून ‘सुजल’ हा स्वस्त गाळणीचा प्रकार काढला. त्याच विचारातून डिसेंबर २००९मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आलं. राखेची कल्पना सुंदर होती, भात पिकवणाऱ्या मुलखात कच्चा माल अंगणातला होता. पण मोखाड्यात मे महिन्यात पहिला प्रश्न पाणी किती शुद्ध याचा नसतो. हंडा भरायला किती लांब जायचं, याचा असतो. गाळणीचा दोष नाही. ती दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पोषणाच्या क्षेत्रात हा गुंता सर्वांत अवघड आहे, आणि इथे तो दुःखाचा आहे. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणानं शंभरावर मुलं गेली आणि सरकारला, वर्तमानपत्रांना, मुंबईच्या डॉक्टरांना हा भाग माहीत झाला. तीव्र कुपोषित मुलासाठी शेंगदाणा, दूधभुकटी, तेल, साखर यांचं घट्ट औषधी खाद्य १९९६मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी तयार केलं होतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयानं आयआयटी मुंबईच्या मदतीनं त्याचं स्थानिक रूप तयार केलं. आता गिऱ्हाईक मोजून पाहा. खाणार मूल. भरवणार आई, आणि ती भट्टीवर असेल तर आजी. वाटणार अंगणवाडीसेविका. पैसे देणार खातं, आणि कोणाचं पाकीट घ्यायचं हे ठरवणार निविदा. राज्यानं अशा खाद्याच्या मोठ्या खरेदीची तयारी केली तेव्हा, घरचं ताजं अन्न बाजूला पडेल म्हणून अन्नअधिकाराच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. २०१७मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास खात्यानंही या खाद्याबाबत राज्यांना नापसंती कळवली. दुसरीकडे २०१५पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळू लागलं. मला दोन्ही बाजूंचा आदर आहे. अत्यवस्थ मुलासाठी शास्त्रशुद्ध खाद्य लागतंच, आणि गावाची नागली विसरून पाकिटावर विसंबणंही घातक. पण या वादात आई, आजी आणि अंगणवाडीसेविका यांना कोणी शंभर मुलाखतींइतकं सविस्तर विचारलं असतं, तर बरेच मुद्दे निविदेच्या आधी सुटले असते.

*

इथवर आल्यावर या पद्धतीशी माझा जो खरा मतभेद आहे तो मांडतो. लवकर चुका, स्वस्तात चुका आणि शिका, असं तिच्या वर्गात सांगतात. सॉफ्टवेअरमध्ये चूक म्हणजे एक बटण काढून टाकायचं. शेतात चूक म्हणजे एक हंगाम. जव्हारमध्ये एक हंगाम गेला म्हणजे पोरांना घेऊन भट्टीवर जायचं, दरवर्षीपेक्षा लवकर आणि दरवर्षीपेक्षा मोठी उचल घेऊन. संशोधकाला त्या चुकीतून धडा मिळतो, कदाचित शोधनिबंधही मिळतो. तोटा मात्र ज्याचं शेत त्याच्या माथी. म्हणून इथल्या कुठल्याही प्रयोगाला मी पहिला प्रश्न विचारीन तो हा, की फसला तर तोट्याचा धनी कोण?

या प्रश्नाचं उत्तर इथल्याच एका कामानं दिलंय, आणि लीन हे नाव कोणी ऐकलंही नव्हतं तेव्हापासून. मणिभाई देसाई यांनी १९६७मध्ये उरुळीकांचनला स्थापलेली बाएफ संस्था मुळात संकरित गायींच्या कामासाठी प्रसिद्ध. १९८२मध्ये दक्षिण गुजरातेत वांसद्याला तिनं आदिवासी शेतकऱ्यांबरोबर ‘वाडी’ सुरू केली, आणि पुढे तीच रचना जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आली. शास्त्र काही बाएफचं नव्हतं. काजूची कलमं, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची १९८१ची वेंगुर्ला-४ आणि १९९७ची वेंगुर्ला-७ यांसारखी वाणं, आंब्याचं केसर कलम: ही सगळी कृषी विद्यापीठांची आणि जुन्या बागायतदारांची विद्या. कोकणच्या बागायतदारासाठी ती तयार होती. वरकस, उताराच्या, पाणी नसलेल्या एकरभर जमिनीच्या मालकासाठी ती तयार नव्हती.

वाडीनं केलं ते असं. सगळं शेत मागितलं नाही. एक एकर घेतलं, तेही बहुधा पडीक. त्यात साठेक फळझाडं, बांधावर वनझाडं आणि कुंपणाची झाडं. झाडांच्या मधल्या जागेत नागली, वरई, उडीद चालूच, म्हणजे कलमं गेली तरी घरात धान्य येणार. खड्डे खणण्याची मजुरी कार्यक्रमातून, म्हणजे पहिल्या वर्षी माणूस स्वतःच्याच शेतात रोजगार मिळवतो आणि भट्टीची ओढ थोडी कमी होते. पहिले दोन-तीन उन्हाळे बायांनी हंड्यानं पाणी घालून कलमं जगवली. हा भार मोठा होता आणि तो हिशेबात पुरेसा धरला गेला नाही असं मला वाटतं. मेलेल्या कलमांच्या जागी नवी देऊन नांग्या भरून दिल्या जात. दिवाळीनंतर गुरं मोकाट सुटतात, तिथे कुंपण टिकलं नाही की वाडी गेली. अशा गेलेल्या वाड्याही या भागात आहेत. पण वाडी गेलेल्याचं घर गेलं नाही. तोटा वाटून घेतलेला होता.

२०००मध्ये नाबार्ड आणि जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या साहाय्यानं नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांत आदिवासी विकास कार्यक्रम सुरू झाला, बाएफच्या मित्रा या संस्थेनं तो राबवला. २००३-०४मध्ये नाबार्डनं ५० कोटींचा आदिवासी विकास निधी काढून वाडीची कल्पना देशभर नेली. माल एकत्र विकण्यासाठी २००४मध्ये वाडीवाल्यांच्या सहकारी संस्थांची मिळून ‘वॅपकॉल’ ही उत्पादक कंपनी झाली, ‘वृंदावन’ या नावानं लोणची आणि काजू बाजारात आले. वांसद्यापासून या कंपनीपर्यंत बावीस वर्षं.

बावीस वर्षं का लागली, याचं एक कारण आंबा स्वतःच आहे. कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे ‘करून पाहा, मोजा, शिका’ हा एक फेरा पाच वर्षांचा. इथेच मला मोगऱ्याचं महत्त्व कळलं. जव्हार आणि विक्रमगडच्या पाड्यांत पाण्याजवळच्या लहानशा तुकड्यावर मोगरा लावायला बाएफनं आणि इतरांनी प्रोत्साहन दिलं. उन्हाळ्यात, म्हणजे नेमक्या स्थलांतराच्या दिवसांत, तो फुलतो. पहाटे कळ्या खुडायच्या, पिशव्या भरायच्या, त्या दादरच्या फुलबाजारात पोचवायच्या, आणि आज काय भाव लागला ते त्याच दिवशी समजतं. कळी उमलली तर भाव पडतो, उशीर झाला तर पडतो, लग्नसराईत चढतो. शेतकऱ्याला रोज एक धडा, आणि चूक झाली तर तोटा एका दिवसाच्या फुलांचा. मोगऱ्यामागे कुठला मोठा शोध नाही. पण शिकण्याचा फेरा पाच वर्षांवरून एका दिवसावर आणणं आणि चुकीची किंमत एका पिशवीपुरती ठेवणं, हे लीन पद्धतीतलं सर्वांत मोलाचं तत्त्व तिथे पाळलं गेलं. रोजची रोकड असल्यानं बाईला भट्टीवर न जाण्याचा पर्याय मिळाला.

याच भागात संशोधनाची उलटी वाटही दिसते. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पात भाताच्या, नागलीच्या, वरईच्या स्थानिक वाणांची नोंद आणि जतन झालं, बाएफनं ते पिकांचं काम केलं आणि जव्हार त्यातलं एक केंद्र होतं. कसबाई, राजगुड्या अशी भाताची वाणं शेतकऱ्यांनी स्वतः राखली होती. २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळानं या प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्याला १७२ कोटींहून जास्त रकमेची मंजुरी दिली. इथे शोध लावणारा शेतकरी आहे आणि प्रयोगशाळा शिकणारी. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याचं वाण त्याच्या नावावर नोंदवता येतं, २००२च्या जैवविविधता कायद्यात लाभातल्या वाट्याची तरतूद आहे. उद्या कोणी तरुण उद्योजक जव्हारच्या नागलीपासून मुलांचं खाद्य काढील आणि ते शहरात चांगल्या किमतीला विकील, तसं व्हावंच. ज्या घरानं ते वाण धुराखाली टांगून राखलं, त्याचं नाव त्या उद्योगाच्या भागीदारीच्या कागदावर असायला हवं, आभाराच्या ओळीत नव्हे.

माझी मागणी अनुदान देणाऱ्यांकडे आहे आणि ती कागदावर उतरवता येण्यासारखी आहे. जव्हार, मोखाडा किंवा अशा कुठल्याही तालुक्यात प्रयोग करायला पैसे मागणाऱ्या प्रस्तावात दोन कलमं सक्तीची करावीत. पहिलं, प्रयोग फसल्यास शेतकऱ्याच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई, रक्कम आधी ठरवून, पाड्यावर वाचून दाखवून. दुसरं, मुलाखतीचा मोबदला. आपण ज्याला मुलाखत म्हणतो तो समोरच्याचा अर्धा दिवस असतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याच्या अर्ध्या दिवसाला भाव असतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२४-२५मध्ये दिवसाला २९७ रुपये होता. त्या दरानं शंभर माणसांच्या शंभर अर्ध्या दिवसांचे १४,८५० रुपये होतात. ५० लाखांच्या अनुदानात ते सहज बसतात. आणि त्या शंभरातले निदान चाळीस जण भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर जाऊन भेटलेले असावेत, त्यासाठीचं एसटीचं भाडंही त्यातच धरावं.